ब्रागाला पोचलेल्या ओव्या : प्रस्तावना

पोर्तुगालच्या उत्तर भागात ब्रागा नावाचे जुने धर्मपीठाचे शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात 771 आणि 772 या क्रमांकांची दोन हस्तलिखिते आहेत. अक्षरे रोमन, वळण पोर्तुगीज. पण मोठ्याने वाचू लागावे, तर कानावर कृष्ण येतो, यशोदा येते, पांडव येतात, राम येतो. काही पाने कोंकणी गद्याची आहेत, काही मराठी ओव्यांची. 16 व्या शतकात गोव्यातल्या साष्टी महालात, जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली, या नकला झाल्या. ज्या मुळांवरून त्या केल्या त्या पोथ्या आज हाती नाहीत. नकला मात्र टिकल्या.

या हस्तलिखितांविषयी गोव्यात बोलणे निघते ते बहुधा दोनच कारणांनी. एक म्हणजे पोर्तुगीज अमलात काय काय नष्ट झाले याची यादी करताना, आणि दुसरे म्हणजे कोंकणी आधी की मराठी आधी या वादात पुरावा म्हणून. दोन्ही बोलण्यांत हस्तलिखिताचे नाव येते, आतला मजकूर येत नाही. मला या प्रस्तावनेत वेगळे काही मांडायचे आहे. ब्रागातल्या ओव्या एकट्या वाचता येत नाहीत. त्यांच्या शेजारी मांडवीच्या आणि कोलवाळच्या नदीपलीकडचा मुलूख, म्हणजे डिचोली आणि पेडणे, ठेवावा लागतो. गोव्याच्या जुन्या साहित्याचे दोन तुकडे झाले. एक समुद्रापार गेला, दुसरा नदीपार राहिला. पहिला परक्या लिपीत वाचला, दुसरा आपल्या लिपीत. म्हणून पेडणे आणि डिचोलीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आधी कवीकडे जाऊ. ब्रागातल्या मराठी भागात 'श्रीकृष्णचरित्रकथा' नावाचे काव्य आहे. कर्ता कृष्णदास शामा, गाव साष्टीतले केळोशी. आरंभाचा काळ त्याने स्वतःच दिला आहे : शके 1448, म्हणजे इ.स. 1526 चा वैशाख. 19 अध्याय, 3 हजारांहून अधिक ओव्या, विषय भागवताच्या दशम स्कंधातला. त्या सालाकडे नीट पाहावे. अफोंसो द आल्बुकेर्कने तिसवाडी जिंकली ती 1510 मध्ये. साष्टी आणि बारदेश पोर्तुगिजांकडे गेले ते 1543 मध्ये. म्हणजे कृष्णदास लिहायला बसला तेव्हा केळोशी आदिलशाहीत होते, गावची शांतादुर्गा गावातच होती, आणि जुवारी उतरून पलीकडे नवे राज्य येऊन सोळा वर्षे झाली होती. पुढे चाळीस वर्षांत देवीला अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, कवळ्याला न्यावे लागले. कवीच्या ओव्या लिहिल्या गेल्या त्या या दोन घटनांच्या मधल्या शांत काळात. एकनाथांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. पैठणच्या भागवतापूर्वी केळोशीच्या एका गृहस्थाने दशम स्कंध ओवीत आणला होता, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवी. अजून ती तळटिपेतच आढळते.

आज पणजीच्या पाटो भागातल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला कृष्णदास शामाचे नाव आहे. हे ग्रंथालय 1832 साली स्थापन झाले. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्या दारातून रोज शेकडो विद्यार्थी आत जातात. त्यांतल्या एकाने जरी पाटीवरच्या नावाचा माणूस कोण, असे विचारले तरी हे लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

आता या पोथ्या पाद्र्यांच्या हाती कशा आल्या ते. लुईश फ्रोइश हा जेझुइट, पुढे जपानचा इतिहास लिहून प्रसिद्धीला आला, तो तरुणपणी गोव्यात होता. त्याच्या 1559 च्या पत्रात एक हकिगत आहे. ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने पोर्तुगीज हद्दीपलीकडच्या एका विद्वान ब्राह्मणाच्या घरावर जाऊन त्याचे ग्रंथ उचलून आणले. त्या विद्वानाने व्यासाच्या ग्रंथांचे भाषांतर करण्यात आठ वर्षे घातली होती. ते ग्रंथ गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात पोचले आणि हिंदूंशी वाद घालायला त्यांतले उतारे काढले गेले. आठ वर्षांचे काम एका रात्रीत घराबाहेर गेले. त्या माणसाचे नाव पत्रात नाही. पण तो हद्दीपलीकडे राहत होता, हद्दीपलीकडे बसून तो भाषांतर करीत होता, आणि म्हणूनच त्याच्याकडे ग्रंथ होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हद्दीच्या आत ग्रंथ बाळगणे तेव्हा धोक्याचे झाले होते. पुढल्याच वर्षी, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. 1567 मध्ये साष्टीची देवळे जाळली गेली, शेकड्यांनी.

इथे मन दोन्हीकडे ओढले जाते. ज्या संस्थेच्या माणसांनी देवळे पाडण्याला हातभार लावला, त्याच संस्थेच्या कोठडीत कोणीतरी बसून कृष्णाची बाललीला ओवीमागून ओवी उतरवून काढत होते. खंडन करायचे तर वाचले पाहिजे, वाचायचे तर भाषा आली पाहिजे, भाषा यायची तर उत्तम भाषेचा नमुना हाती हवा. हा हेतू उघड आहे. पण हेतू काहीही असो, हजारो ओव्या उतरवणाऱ्या हाताला लय लागतेच. त्या नकला करणारे हात बहुधा नव्याने ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांचे असणार, कारण मराठी ओवी ऐकून रोमन अक्षरांत बसवणे हे नुकत्याच आलेल्या युरोपीय माणसाचे काम नव्हे. त्यांच्या लहानपणी या कथा त्यांनी माजघरात ऐकल्या असतील. आता त्या लिहिण्याची परवानगी होती, म्हणण्याची नव्हती. त्या माणसांचा विचार केल्याशिवाय मला ही पाने पाहवत नाहीत.

मठांनी ग्रंथ जपणे आणि मठ मोडल्यावर ग्रंथ उधळले जाणे, हे जगात इतरत्रही घडले आहे. ते थोडे पाहिले तर आपल्या पोथ्यांची गत जास्त समजते. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्ब्रियात वेअरमथ आणि जॅरो असा जोडमठ होता. इतिहासकार बीड तिथलाच. आठव्या शतकाच्या आरंभी तिथल्या भिक्षूंनी संपूर्ण बायबलच्या तीन लॅटिन प्रती तयार केल्या, चामड्यावर, पिसाच्या लेखणीने. त्यांतली एक पोपला भेट म्हणून घेऊन मठाधिपती केओलफ्रिथ 716 मध्ये रोमला निघाला आणि वाटेत लांग्र गावी वारला. प्रत इटलीत राहिली. हजारावर पाने आणि सुमारे 34 किलो वजन असलेले हे हस्तलिखित आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. मधल्या काळात कोणीतरी अर्पणपत्रिकेतली नावे खोडून दुसरी घातली, त्यामुळे कित्येक शतके ती इटालियन प्रत समजली गेली. 19 व्या शतकाच्या शेवटी खोडलेली अक्षरे पुन्हा वाचली गेली आणि इंग्लिश मठाचे श्रेय इंग्लिश मठाला मिळाले. 2018 साली लंडनच्या प्रदर्शनासाठी ती 1302 वर्षांनी इंग्लंडमध्ये आली, आणि काही महिन्यांनी परत गेली. प्रत परदेशी राहिली तरी ती आपली आहे हे सिद्ध करता येते. त्यासाठी शेवटची पाने, खोडलेली नावे आणि अक्षरांचे वळण चिकाटीने वाचावे लागते.

त्याच इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात सगळे मठ बंद केले. मठांतली ग्रंथसंपत्ती मातीमोल झाली. जॉन बेल नावाच्या लेखकाने 1549 मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत याचे दुःख लिहून ठेवले आहे : ग्रंथ किराणा दुकानदारांना आणि साबण विकणाऱ्यांना पुड्या बांधायला गेले, जहाजे भरभरून परदेशातल्या बांधणीकारांकडे गेले. बेल स्वतः मठांचा कडवा विरोधक होता. मठ मोडले याचा त्याला आनंद होता, पुस्तके गेली याचे मात्र त्याला रडू आले. वैरी असूनही ग्रंथासाठी हळहळणारा माणूस कसा असतो, हे बेलकडे पाहून कळते.

बेलची प्रस्तावना छापली गेली त्याच सुमारास, 1549 मध्ये, इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये टॉमस स्टीफन्स जन्मला. कॅथॉलिक म्हणून स्वदेशात त्याला जागा उरली नाही. रोममध्ये तो जेझुइट झाला आणि ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षे, 1619 मध्ये मरेपर्यंत, तो मुख्यतः साष्टीतच राहिला. स्वतःच्या देशात धर्माच्या नावाखाली मठ आणि ग्रंथ उद्ध्वस्त झालेले ज्याने ऐकले-पाहिले, तो अशा महालात आला जिथे त्याच्याच संघाच्या प्रभावाने देवळे आणि पोथ्या नाहीशा झाल्या होत्या. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांचे मृतदेह मिळवून आणण्याच्या कामी स्टीफन्स होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने आपल्या भावाला पत्र लिहिले आणि त्यात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे नोंदवले. विल्यम जोन्सने कलकत्त्यात हा विचार मांडला तो 1786 मध्ये. रक्ताचे डाग ताजे असताना हा माणूस साष्टीच्या लोकांच्या व्याकरणाकडे आदराने पाहत होता.

त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोलला छापले गेले. ओवीबद्ध मराठी, सुमारे 11 हजार ओव्या, 'पैलें' आणि 'दुसरें' अशी दोन पुराणे. हे नुसते बायबलचे भाषांतर नाही. पुराणाची चाल, श्रोत्यांना संबोधणे, मधेच प्रश्न विचारणारा ब्राह्मण, सगळे देशी कथनाच्या अंगाने चालते. आरंभीच एक प्रसंग आहे. एक माणूस पाद्रीला म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आता त्यांच्यासारखे दुसरे पुराण तुम्ही आम्हाला का करून देत नाही? क्रिस्तपुराणाचा सगळा उद्योग या मागणीला दिलेले उत्तर म्हणून मांडला आहे. मला तो प्रसंग फार खरा वाटतो. संध्याकाळी दिवा लावल्यावर काहीतरी वाचले जावे, गाईले जावे, ही सवय नव्या धर्मात गेल्याने मोडली नव्हती. वाचायला काही उरले नव्हते, इतकेच. आणि स्टीफन्सला ओवी कुठून मिळाली, हे विचारले तर ब्रागातल्यासारख्या नकलांकडे बोट दाखवावे लागते. कृष्णदासाची ओवी आणि स्टीफन्सची ओवी लागोपाठ वाचून पाहावी. शब्द वेगळे असतील, देव वेगळा आहे, तरी यतीची जागा आणि शेवटच्या चरणाचा हलका ठेका ओळखीचा वाटतो.

क्रिस्तपुराणाच्या 17 व्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. 1907 मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला ते रोमन लिपीत पुन्हा छापले. नंतर लंडनमध्ये, विल्यम मार्सडेनच्या संग्रहात, देवनागरीतली हस्तलिखित प्रत असल्याचे जस्टिन अॅबट यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे कृष्णकथा रोमनमध्ये पोर्तुगालला आणि ख्रिस्तकथा देवनागरीत इंग्लंडला. गोव्याच्या मराठीचा हा प्रवास माझ्या मनातून जात नाही.

आता नदीपलीकडे. 16 व्या शतकात डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे नव्हते. तिथे आधी आदिलशाही होती, नंतर मराठे, मग सावंतवाडीकर भोसले. पोर्तुगिजांकडे हा मुलूख गेला तो 1781 ते 1788 या काळात, 'नव्या काबिजादीं'चा भाग म्हणून. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ ओसरला होता आणि इथल्या देवळांना, चालीरीतींना हात न लावण्याचे वचन देणे राज्यकर्त्यांना भाग होते. या अडीच शतकांच्या फरकाने सगळे बदलून टाकले. साष्टी-बारदेशात पोथी घरात सापडणे म्हणजे संकट होते, तर डिचोलीत आणि पेडण्यात ती देव्हाऱ्याशेजारी ठेवण्याची वस्तू होती.

नार्वे गाव याची साक्ष आहे. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे दिवाडी बेटावरचे देऊळ मोडले गेल्यावर देव मांडवी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला. शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायला आरंभ केला. शिलालेखात शके 1590, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार असा काळ आहे, म्हणजे 13 नोव्हेंबर 1668. दिवाडीहून पाहिले तर नार्वे समोरच दिसते. मधे पाण्याची एक पट्टी. त्या पट्टीच्या एका बाजूला देव राहू शकत नव्हता, दुसऱ्या बाजूला त्याच्यासाठी राजा देऊळ बांधत होता. देवाबरोबर पुजारी आले, पुराणिक आले, आणि त्यांच्या गाठोड्यांत पोथ्या आल्या. साष्टीचे देव अंत्रुजात गेले, तिसवाडीचे काही डिचोलीला आले, बारदेशातले काही कोलवाळची नदी उतरून पेडण्याला गेले. पोथ्यांनीही साधारण याच वाटा धरल्या असणार, कारण ज्याच्या घरात देव त्याच्या घरात पोथी असे ते जग होते.

पेडण्यातून 18 व्या शतकात सोहिरोबानाथ आंबिये हे नाव पुढे आले. मूळचे पालये गावचे घराणे, बांद्याचे कुळकर्णीपण, नाथपंथाची दीक्षा. 'अक्षयबोध', 'सिद्धांतसंहिता', 'पूर्णाक्षरी' असे ग्रंथ आणि पदांचा मोठा संग्रह. आज पेडण्यातल्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. सोहिरोबांचे लेखन पेडण्यात, बांद्यात, सावंतवाडीत वहीवरून वहीत उतरत राहिले, भजनात म्हटले जात राहिले. त्यासाठी कोणा परक्याच्या कोठडीची गरज पडली नाही. कृष्णदास आणि सोहिरोबा यांच्यात अडीच शतके आहेत आणि फक्त दोन-तीन नद्या. पण एकाला शोधायला ब्रागाला जावे लागते आणि दुसरा शेजारच्या देवळात ऐकू येतो.

ब्रागातल्या हस्तलिखितांची ओळख करून देणारा माणूस याच नदीपलीकडचा निघाला, हे मला नुसता योगायोग वाटत नाही. डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांचा जन्म 1894 मध्ये डिचोलीतल्या पिळगावचा. गोव्याच्या ऐतिहासिक दफ्तरखान्याचे प्रमुख म्हणून त्यांनी तीस वर्षे काम केले, तो दफ्तरखाना ज्याचा पहिला रक्षक 1595 मध्ये दियोगु दु कौतु होता. मोडी वाचणारा, जुनी पोर्तुगीज वाचणारा आणि घरच्या पोथीच्या मराठीवर वाढलेला असा माणूस विरळाच. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवरचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे मराठी पुस्तक पुणे विद्यापीठाने 1967 मध्ये प्रसिद्ध केले. पण गोव्यात छापलेल्या पहिल्या मराठी पुस्तकांविषयीचा त्यांचा 1956 चा पोर्तुगीज लेख मला त्याहून जिव्हाळ्याचा वाटतो. वास्को द गामा संस्थेच्या पत्रिकेत आलेल्या त्या लेखात ब्रागातल्या हस्तलिखितांचा परिचय आहे. त्या हस्तलिखितांतली रोमन अक्षरे ज्याला दिसली त्याला ओवीही ऐकू आली, म्हणून हे झाले. नुसती पोर्तुगीज येणाऱ्याला ती दुर्बोध अक्षरे वाटली असती, आणि नुसती मराठी येणाऱ्याला ती मराठी आहे हेच कळले नसते.

त्यांच्यानंतर अ. का. प्रियोळकर. अंत्रुजातल्या प्रियोळचे, मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे संचालक, 1951 च्या कारवार साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची पाठचिकित्सा ज्यांनी केली त्यांना नकलेची किंमत वेगळी सांगावी लागत नव्हती. 1958 चे भारतातल्या छापखान्यावरचे, 1961 चे इन्क्विझिशनवरचे आणि 1967 चे गोव्याच्या पुनःशोधाचे अशी त्यांची इंग्रजी पुस्तके ओळीने वाचली की एकाच माणसाच्या मनात एकाच प्रश्नाने किती वर्षे घर केले होते ते दिसते : आमचे ग्रंथ कुठे गेले? ब्रागातल्या कोंकणी गद्याचे संपादन पुढे ओलिविन्यु गोमिश यांनी केले. त्या कामामुळे रामायण-महाभारताच्या कथा 16 व्या शतकातल्या बोलत्या कोंकणीत आपल्याला वाचता येतात.

इथे भाषेच्या वादाविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. ब्रागातल्या पानांवर गद्य कोंकणी आहे आणि पद्य मराठी आहे, आणि दोन्ही एकाच समाजाचे, कदाचित एकाच घराचे आहे. त्या काळचा गोमंतकीय घरात कोंकणी बोलत होता, कथा कोंकणीत सांगत होता, आणि ओवी रचायला बसला की मराठीकडे वळत होता. त्यात त्याला विरोध जाणवत नव्हता. आज पेडण्यातल्या कुठल्याही जत्रेला जावे. दशावतारी नट रंगपटात एकमेकांशी कोंकणीत किंवा मालवणीत बोलतात आणि रंगमंचावर पाऊल टाकताच राजाचे भाषण मराठीत सुरू होते. ते भाषण कुठे लिहिलेले नसते. आख्यान ठरलेले, प्रसंग ठरलेले, शब्द त्या रात्री सुचतील ते. महाभारताची आख्याने पेडण्यात अशी आजही रात्ररात्र चालतात. ब्रागातल्या कोंकणी महाभारताचा अभ्यास करणाऱ्याने ग्रंथालयात बसावे तसे एखादी रात्र पार्से किंवा मांद्र्याला जत्रेत जागून काढावी. प्रसंग कुठे लांबवायचा, संवाद कुठे तोडायचा, विनोदाला जागा कुठे, हे गद्यातही तसेच सापडेल असा माझा अंदाज आहे, आणि कोणी तरुण अभ्यासकाने हे पडताळून पाहावे अशी मनापासून इच्छा आहे.

रोमन पाठ वाचण्याविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण पुढील पानांत वाचकाला लिप्यंतर भेटेल आणि ते कशावरून केले हे माहीत असलेले बरे. पोर्तुगीज वर्णमालेत आपले सगळे ध्वनी बसत नाहीत. 'श' साठी एक्स हे अक्षर येते, म्हणून शामा हे नाव एक्सपासून सुरू होते. 'क' साठी पुढच्या स्वराप्रमाणे कधी सी, कधी क्यू. स्टीफन्सच्या काळापर्यंत ट, ड, ण, ळ यांच्यासाठी अक्षर दुहेरी लिहिण्याची युक्ती रुळली. पण महाप्राणाची आणि अनुस्वाराची नोंद सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्याला पदोपदी ठरवावे लागते : इथे 'द' की 'ध', 'ब' की 'भ'? ओवीत यमक मदतीला येते, गद्यात तेही नसते. गोव्यात त्या काळी देवनागरी आणि मोडीबरोबर गोयकानडी लिपीही चालत होती. गावकरीचे कागद तिच्यात लिहिले जात. म्हणून नकलणाऱ्यासमोरची मूळ पोथी कुठल्या लिपीत होती, हा प्रश्नही प्रत्येक संशयित अक्षराच्या मागे उभा असतो. चुकीच्या अक्षराचे कारण कधी कान असते, कधी डोळा.

हे प्रश्न सोडवायला लागणारे साहित्य ब्रागात नाही. ते नदीपलीकडे आहे. त्याच कथा, त्याच काळाच्या जवळपासची भाषा, पण देवनागरीत लिहिलेली, अशा पोथ्या जितक्या हाती येतील तितके रोमन पाठ वाचणे नेमके होईल. डिचोली, साखळी, पेडणे या भागातल्या जुन्या घरांत आजही लाल रुमालात बांधलेल्या पोथ्या आहेत. कधी हातकागद, कधी गिरणीचा निळसर कागद, बोरूची काळी शाई, मधे गेरूच्या रेघा. कसर आणि दमट हवा यांनी त्यांची पाने दरवर्षी थोडी थोडी खाल्ली जातात. ब्रागाचे ग्रंथालय 1841 मध्ये स्थापन झाले ते 1834 मध्ये बंद झालेल्या पोर्तुगीज मठांचे संग्रह एकत्र करून. मठ मोडले तरी ग्रंथ एका छपराखाली आले. आपल्याकडे घरे वाटली जातात, माळे रिकामे होतात, आणि पोथी नदीत सोडून देण्याची श्रद्धाळू चाल अजून आहे. ती चाल मला समजते, पण पोथी सोडण्याआधी तिचे फोटो तरी घ्यावेत, अशी हात जोडून विनंती आहे.

ज्यांच्या घरी अशी पोथी आहे त्यांनी प्रथम तिचे शेवटचे पान पाहावे. लेखनसमाप्तीच्या त्या चार ओळींत शक, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचे नाव आणि कोणासाठी लिहिले हे बहुधा मिळते. कृष्णदासाचे साल आपल्याला कळले तेही त्याने ते आपल्या काव्यात लिहिले म्हणून. पाने चिकटली असतील तर ओढून सुटी करू नयेत. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये बंद करू नये, उन्हात वाळत घालू नयेत. सुती कापडात सैल बांधून जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे. पानांचा क्रम बिघडला असेल तर आहे तसाच ठेवून फोटो काढावेत. नंतर तो ओव्यांच्या आकड्यांवरून लावता येतो. मोडी किंवा गोयकानडी वाचता येत नसेल तर पणजीच्या दफ्तरखान्यात आणि कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करावी. पोथी द्यावी लागत नाही, दाखवता येते. आणि शेवटच्या पानावर केळोशी, लोटली, राय, कुडतरी, दिवाडी असे जुन्या काबिजादीतल्या एखाद्या गावाचे नाव दिसले, तर ती पोथी नदी ओलांडून आलेली असू शकते. तिची गाठ ब्रागातल्या ओव्यांशी घालून पाहणे हे पुढचे काम आहे.